सहा ठिपक्यांची लिपी

(ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनाही पुस्तके वाचता यावीत म्हणून एका अंध मुलाने नवी लिपी तयार केली. त्या मुलाची, त्याच्या लिपीची आणि ती लिपी हाती आल्यानंतरही अंध वाचकांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या एका अडचणीची माहिती या पाठात दिली आहे.)

जून महिना आला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकाने आहेत. कोणाला गणिताचे पुस्तक हवे असते, कोणाला शब्दकोश, तर कोणाला गोष्टींचे पुस्तक. कॅम्पातून, कोंढव्यातून, हडपसरातून मुले आईवडिलांबरोबर येतात आणि पिशव्या भरून घरी जातात. पैसे दिले की पुस्तक आपले झाले. घरी जावे, पुस्तक उघडावे आणि वाचावे. त्यात विशेष काही आहे असे आपल्याला कधी वाटत नाही.

पण याच गर्दीत एखादा अंध विद्यार्थी उभा असेल तर? त्याच्याभोवती हजारो पुस्तके असतात. त्याच्या खिशात पैसेही असतात. तो एक पुस्तक हातात घेतो आणि पानावरून बोटे फिरवतो. पान गुळगुळीत लागते. दुसरे पुस्तक घ्यावे, तर तेही तसेच. त्याच्यासाठी त्या दुकानातील सगळी पाने कोरीच असतात.

अंध माणसांनी वाचायचे कसे, हा प्रश्न जगापुढे शेकडो वर्षे होता. मोठमोठ्या विद्वानांना तो नीट सोडवता आला नाही. तो सोडवला पंधरा वर्षांच्या एका मुलाने. तो मुलगा स्वतः अंध होता. त्याचे नाव लुई ब्रेल.

लुईचा जन्म 4 जानेवारी 1809 रोजी फ्रान्स देशातील कुव्रे या लहानशा गावी झाला. हे गाव पॅरिस शहरापासून सुमारे 40 किलोमीटर अंतरावर आहे. लुईचे वडील सिमोन हे घोड्यांची खोगिरे आणि लगाम तयार करीत. घराला लागूनच त्यांचा कारखाना होता. तिथे कातड्याचे तुकडे, सुऱ्या, हातोड्या आणि आऱ्या पडलेल्या असत. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. वडील काम करीत तेव्हा तो जवळच खेळत असे आणि त्यांच्याकडे टक लावून पाहत असे.

लुई तीन वर्षांचा होता. एके दिवशी कारखान्यात कोणी नाही असे पाहून त्याने वडिलांची नक्कल करायचे ठरवले. त्याने कातड्याचा एक तुकडा घेतला आणि त्याला अणकुचीदार हत्याराने भोक पाडू लागला. हत्यार घसरले आणि थेट डोळ्यात घुसले. त्या काळी आजच्यासारखी औषधे नव्हती. जखम चिघळली. काही दिवसांनी दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली. लुई पाच वर्षांचा होईपर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळी युरोपातही गरीब घरच्या अंध मुलांच्या नशिबी बहुधा भीक मागणेच येई. लुईच्या आईवडिलांनी मात्र धीर सोडला नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. काठी टेकत टेकत तो गावभर हिंडू लागला. वडिलांनी लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून अक्षरे तयार केली. त्या खिळ्यांवरून बोट फिरवून लुई अक्षरे ओळखायला शिकला. गावच्या धर्मगुरूंनी त्याला आपल्याकडे बोलावून शिकवले. गावातील शिक्षकांनी त्याला डोळस मुलांच्या शाळेत बसवून घेतले. लुई सर्व काही ऐकून लक्षात ठेवी. तोंडी परीक्षेत तो पुढे असे. पण वर्गातील मुले पुस्तके उघडून वाचू लागली की त्याला हात बांधून बसावे लागे.

पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी एक शाळा होती. व्हॅलेंतिन हाउई या गृहस्थांनी ती अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केली होती. गावच्या मोठ्या मंडळींनी खटपट केली आणि लुईला तिथे प्रवेश मिळाला. 15 फेब्रुवारी 1819 रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, तो या शाळेत दाखल झाला. शाळेची इमारत जुनी आणि दमट होती. तेथील हवा मुलांच्या प्रकृतीला मानवत नसे. पण लुईला त्याचे काही वाटले नाही. आता आपल्याला पुस्तके वाचायला मिळणार, या आनंदात तो होता.

शाळेत खरोखरच पुस्तके होती. हाउई यांनी ओल्या जाड कागदावर अक्षरांचे ठसे दाबून ती तयार केली होती. डोळस माणसे वाचतात तीच अक्षरे त्या कागदावर उठून दिसत. अंध मुलाने प्रत्येक अक्षराच्या कडेवरून बोट फिरवायचे, ते कोणते अक्षर आहे हे ठरवायचे आणि मग पुढच्या अक्षराकडे जायचे. एक वाक्य पुरे होईपर्यंत त्याची सुरुवात विसरून जाई. ही पुस्तके फार मोठी आणि जड असत. ती तयार करायला खर्चही फार येई. त्यामुळे शाळेत अशी पुस्तके मूठभरच होती. शिवाय त्या अक्षरांत अंध मुलांना स्वतः काही लिहिता येत नसे. ही अक्षरे डोळ्यांसाठी केलेली होती. बोटांवर ती नुसती लादली गेली होती. पुस्तके वाचायच्या आशेने आलेला लुई निराश झाला.

1821 साली शाळेत एका नव्या पद्धतीची माहिती आली. चार्ल्स बार्बिये नावाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याने ती शोधून काढली होती. तिच्यात अक्षरांऐवजी कागदावर उठवलेले ठिपके होते. मुलांनी ते ठिपके हाताळून पाहिले. रेषेपेक्षा ठिपका बोटाला चटकन कळतो, हे लुईच्या लगेच ध्यानात आले. मात्र त्या पद्धतीत दोषही होते. एका खुणेसाठी बारा ठिपके लागू शकत. एवढे ठिपके एका बोटाखाली मावत नसत. शिवाय ती पद्धत केवळ उच्चारांवर आधारलेली होती. तिच्यात शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती आणि अंकही नव्हते. लुईने हे दोष सांगितले. त्या वेळी तो अवघा बारा वर्षांचा होता. एवढ्याशा मुलाने आपल्या पद्धतीत बदल सुचवावा, हे बार्बिये यांना रुचले नाही, असे सांगतात. त्यांनी आपली पद्धत बदलली नाही.

मग लुईने स्वतःच काम सुरू केले. दिवसभर शाळा आणि कामाचे तास असत. रात्री सगळे झोपले की तो कागद आणि टोचा घेऊन बसे. सुट्टीत गावी गेला तरी त्याचे हेच काम चाले. ठिपके कमी करायचे, त्यांची जागा बदलायची, पुन्हा बोट फिरवून पाहायचे. असे तीन वर्षे चालले. 1824 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी आकाराला आली.

ही लिपी समजायला फार सोपी आहे. सहा ठिपक्यांचे एक घर असते. डावीकडे उभे तीन ठिपके आणि उजवीकडे उभे तीन ठिपके. डावीकडच्या ठिपक्यांना वरून खाली 1, 2, 3 असे क्रमांक आहेत आणि उजवीकडच्यांना 4, 5, 6. यांतील कोणते ठिपके उठवायचे आणि कोणते नाही, यावरून अक्षर ठरते. अशा रीतीने 63 वेगवेगळ्या खुणा तयार होतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, गणितातील चिन्हे, एवढेच नव्हे तर संगीताचे स्वरही त्यांत बसतात. आणि हे सारे घर बोटाच्या एका टोकाखाली मावते.

लिहिण्यासाठी खाचा असलेली एक पाटी आणि एक लहान टोचा लागतो. कागद पाटीत अडकवायचा आणि टोच्याने ठिपके दाबायचे. ठिपके कागदाच्या दुसऱ्या बाजूला उठतात. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहितात. नंतर कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. उर्दू आणि मराठी या दोन्ही लिपी तुम्ही शिकता, म्हणून तुम्हांला यात गंमत वाटेल. पाटीवर ब्रेल लिहिणाऱ्याचा हात उर्दूच्या दिशेने चालतो आणि वाचणाऱ्याचे बोट मराठीच्या दिशेने!

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लहानपणी टोकदार हत्याराने लुईची दृष्टी हिरावून घेतली. जवळजवळ तशाच टोकदार टोच्याने त्याने जगातील अंधांच्या हाती अक्षरे दिली.

पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाले. 1829 साली त्यांनी आपल्या लिपीची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. 1837 साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. त्याच वर्षी फ्रान्सच्या इतिहासावरील एक पुस्तक ठिपक्यांच्या लिपीत छापले गेले. लुई ब्रेल उत्तम ऑर्गन वाजवीत. पॅरिसमधील चर्चमध्ये ते वादक म्हणून काम करीत. विद्यार्थ्यांवर त्यांची फार माया होती. आपल्या पगारातून ते गरजू मुलांना मदत करीत. अंधांना डोळस माणसांशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून त्यांनी ठिपक्यांनी नेहमीची अक्षरे काढण्याची आणखी एक रीत शोधली. त्यांचे अंध मित्र फूको यांनी त्या रीतीने लिहिण्यासाठी एक यंत्रही तयार केले.

पण खुद्द त्यांच्या शाळेतच या लिपीवर संकट आले. 1840 साली शाळेचे मुख्याध्यापक बदलले. नव्या मुख्याध्यापकांना ठिपक्यांची लिपी पसंत नव्हती. डोळस माणसांना जी वाचता येत नाही अशी लिपी अंधांनी वापरू नये, असे तेव्हा अनेकांना वाटत असे. अशाने अंध माणसे समाजापासून वेगळी पडतील, असे ते म्हणत. शाळेत पुन्हा उठावाची अक्षरे आणली गेली. ठिपक्यांच्या लिपीला बंदी झाली. त्या लिपीतील पुस्तके जाळून टाकण्यात आली.

ही पुस्तके कशी तयार झाली होती, याचा विचार करा. अंध मुलांनी आणि शिक्षकांनी एकेक ठिपका टोचून त्यांतली कित्येक पाने लिहिली होती. ती डोळ्यांदेखत नव्हे, पण त्यांच्या हातांतून गेली. अंधांनी काय वाचावे आणि कसे वाचावे, हे ज्यांना दिसत होते त्यांनी ठरवले. अंधांना कोणी विचारलेही नाही.

मुलांनी मात्र ही बंदी मानली नाही. ती चोरून या लिपीत लिहीत राहिली. मोठी मुले लहान मुलांना शिकवीत. ज्याला एकदा वाचण्याची गोडी लागली, त्याच्या बोटांवरून अक्षरे पुसता येत नाहीत. अखेर उपमुख्याध्यापक ग्वादे यांना मुलांचे म्हणणे पटले. त्यांनी मुख्याध्यापकांची समजूत घातली. 1844 साली शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्या समारंभात सर्वांसमोर या लिपीची परीक्षा झाली. एका मुलीने ऐकलेला मजकूर ठिपक्यांत उतरवून घेतला आणि तो ऐकण्यासाठी तिथे हजर नसलेल्या दुसऱ्या मुलीने तो बोटांनी बिनचूक वाचून दाखवला. पाहणारे थक्क झाले. लिपीवरची बंदी उठली.

तोपर्यंत ब्रेल यांची प्रकृती खालावली होती. शाळेच्या त्या दमट इमारतीत त्यांना क्षयाचा विकार जडला होता. 6 जानेवारी 1852 रोजी त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांपूर्वी त्यांना 43 वर्षे पूर्ण झाली होती. त्यांच्या सामानात एक छोटी पेटी होती. ती न उघडता जाळून टाकावी, अशी त्यांची इच्छा होती. पेटीत त्यांनी विद्यार्थ्यांना उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पैशांवर त्यांनी जसा हक्क सांगितला नाही, तसा लिपीवरही सांगितला नाही. ज्याला हवी त्याने ती शिकावी आणि दुसऱ्याला शिकवावी, अशीच ती पसरत गेली.

मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1854 साली, फ्रान्समध्ये ही लिपी अधिकृत झाली. 1878 साली पॅरिसला भरलेल्या परिषदेत अनेक देशांच्या प्रतिनिधींनी तिला मान्यता दिली. 1952 साली, म्हणजे मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, ब्रेल यांचे अवशेष पॅरिसमधील पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात हलवण्यात आले. पण त्यांचे हात मात्र कुव्रे गावीच ठेवले आहेत. ज्या हातांनी लिपी घडवली, ते हात गावाने आपल्याजवळ जपले.

ब्रेल लिपी भारतातही आली. अमृतसर, मुंबई अशा ठिकाणी अंधांच्या शाळा निघाल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांची कन्या मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल शिकवली. पुण्यात 1934 साली अंधांची शाळा स्थापन झाली. कोरेगाव पार्कात मुलांची आणि कोथरूडला मुलींची अशा तिच्या शाळा आहेत. पूर्वी आपल्या देशात निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत. एका शाळेतील मुलाला दुसरीकडचे पुस्तक वाचता येत नसे. 1951 साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरवण्यात आली. तिच्यात सारख्या उच्चाराला बहुतेक सारखीच खूण आहे. मराठीतला ब आणि उर्दूतला बे, दोन्हींसाठी ठिपके 1 आणि 2. मराठीतला म आणि उर्दूतला मीम, दोन्हींसाठी ठिपके 1, 3 आणि 4. डोळ्यांना या दोन लिपी किती वेगळ्या दिसतात! बोटांना मात्र त्या सख्ख्या बहिणी वाटतात. ब्रेलमध्ये उर्दूसुद्धा डावीकडून उजवीकडेच वाचतात.

लिपी मिळाली, शाळा मिळाल्या. मग अंध वाचकांचा प्रश्न सुटला का? नाही. त्यांच्यापुढे आणखी एक भिंत होती. ती दिसत नव्हती, कारण ती कायद्याची होती.

घर बांधणारा घराचा मालक असतो, तसा पुस्तक लिहिणारा आपल्या लेखनाचा मालक असतो. त्याच्या परवानगीशिवाय त्या पुस्तकाच्या प्रती कोणी काढू शकत नाही. या हक्काला कॉपीराइट म्हणतात. भारतात यासाठी 1957 साली कायदा झाला. हा कायदा योग्यच आहे. लेखक महिनोन्‌महिने खपून पुस्तक लिहितो. ते दुसऱ्याने फुकट छापून विकले, तर लेखकाने खायचे काय? म्हणून लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हा हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन 1950 साली झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके 2011 साली सर्वांना छापण्यासाठी मोकळी झाली.

पण कायदा करताना एक गोष्ट राहून गेली. पुस्तक ब्रेलमध्ये उतरवणे म्हणजेही प्रत काढणेच. पुस्तक वाचून त्याची ध्वनिफीत करणे म्हणजेही प्रतच. तेव्हा त्यालाही परवानगी हवी. समजा, पुण्यातील एका महाविद्यालयात शिकणाऱ्या अंध मुलीला परीक्षेसाठी एक पुस्तक हवे आहे. ब्रेल लिहिणारे तयार आहेत, वाचून दाखवणारेही तयार आहेत. पण आधी प्रकाशकाला पत्र लिहायचे, उत्तराची वाट पाहायची. उत्तर येईलच असे नाही. आले तरी तोपर्यंत परीक्षा होऊन जायची. तिच्या डोळस मैत्रिणीने तेच पुस्तक अप्पा बळवंत चौकातून पाच मिनिटांत आणलेले असते. या अंध मुलीने 60 वर्षे थांबायचे काय?

यात लेखकाचा दुष्टपणा नव्हता. अनेक लेखक आनंदाने परवानगी देत. पण प्रत्येक पुस्तकासाठी विचारावे लागणे, हीच मोठी अडचण होती. डोळस वाचकाला पुस्तक विकत घेतले की वाचण्याचा हक्क मिळतो. अंध वाचकाला मात्र त्यासाठी मेहेरबानी मागावी लागत होती. पॅरिसच्या शाळेत पुस्तके जाळली गेली. इथे पुस्तके तयारच होत नव्हती. वाचणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच. जगात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांपैकी शंभरांत दहासुद्धा अंधांना वाचता येतील अशा रूपात मिळत नाहीत, असे अंधांची जागतिक संघटना सांगत आली आहे.

भारतातील अंध व्यक्तींनी आणि त्यांच्या संस्थांनी या विरुद्ध आवाज उठवला. कायदा बदलण्याचे ठरले. पण पहिल्या मसुद्यात ब्रेलसारख्या केवळ अंधांसाठी असलेल्या रूपांनाच मोकळीक होती. संस्थांनी ते मान्य केले नाही. कितीतरी माणसांची दृष्टी मोठेपणी जाते. त्यांना ब्रेल येत नाही. ती पुस्तक ऐकतात किंवा संगणकाकडून वाचून घेतात. काहींना केवळ मोठी अक्षरे हवी असतात. या सर्वांचा विचार व्हावा, अशी मागणी झाली आणि ती मान्य झाली. 2012 साली सुधारलेला कायदा अमलात आला. आता अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा कोणत्याही रूपात पुस्तकाची प्रत काढता येते. त्यासाठी परवानगी मागावी लागत नाही. अर्थात काही अटी आहेत. असे काम करणाऱ्या संस्थेने नफा घ्यायचा नाही. केवळ खर्चापुरते पैसे घ्यायचे. ती प्रत अपंग वाचकांसाठीच वापरायची. बाजारात विकायची नाही. अशा रीतीने लेखकाचा हक्कही राहिला आणि वाचकाचाही.

पुढच्याच वर्षी, 27 जून 2013 रोजी, मोरोक्को देशातील माराकेश शहरात अनेक देशांनी मिळून एक करार केला. अंधांसाठी तयार केलेले पुस्तक एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावे, हा त्याचा एक मुख्य हेतू. एका देशात ब्रेलमध्ये उतरवलेले पुस्तक दुसऱ्या देशात पुन्हा पहिल्यापासून का उतरवायचे? या करारावर पक्की संमती देणारा जगातील पहिला देश भारत होय. भारताने ती 24 जून 2014 रोजी दिली. 20 देशांची संमती मिळाल्यावर 30 सप्टेंबर 2016 पासून हा करार लागू झाला.

कायदा झाला म्हणजे पुस्तके आपोआप तयार होत नाहीत. ती कोणाला तरी उतरवावी लागतात. छापील एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात. पुण्यातील निवांत अंध मुक्त विकासालयासारख्या संस्था हे काम करीत आल्या आहेत. 2008 साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतील ब्रेल पाक्षिक सुरू झाले. अनेक माणसे आपल्या फावल्या वेळात अंध विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखवतात किंवा ती आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करतात. परीक्षेत त्यांचे लेखनिक होतात. उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा वाचणाऱ्या तुमच्यासारख्या मुलांना तर हे काम दोन भाषांत करता येईल.

2009 साली लुई ब्रेल यांच्या जन्माला 200 वर्षे झाली. त्या वेळी भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले दोन रुपयांचे नाणे काढले. ते नाणे कधी तुमच्या हाती आले तर नीट पाहा. मग डोळे मिटा आणि त्यावरून बोट फिरवा. ज्याने अंधांना वाचण्याचा मार्ग दाखवला, त्याची ओळख बोटांनीच करून घेणे योग्य होईल.

लुई ब्रेल यांनी कोणाची दया मागितली नाही. डोळस मुले वाचतात तसे आपल्यालाही वाचता आले पाहिजे, एवढेच त्यांना हवे होते. तो अंधांचा हक्क आहे, हे जगाच्या कायद्यात लिहिले जायला त्यांच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षे लागली. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानातून आपण घेतो ते प्रत्येक पुस्तक अंध विद्यार्थ्याच्या बोटांखाली किंवा कानांवर पोहोचेल, तेव्हा त्या सहा ठिपक्यांचे काम पुरे होईल.

शब्दार्थ

खोगीर – घोड्याच्या पाठीवर बसण्यासाठी घालतात ते कातड्याचे आसन
आरी – कातड्याला भोक पाडण्याचे टोकदार हत्यार
चिघळणे – जखम बरी न होता वाढत जाणे
डोळस – ज्याला दिसते असा
रुचणे – आवडणे, पसंत पडणे
थक्क होणे – आश्चर्याने गप्प होणे
मसुदा – कायद्याचा किंवा पत्राचा कच्चा लेख
पाक्षिक – पंधरा दिवसांनी निघणारे नियतकालिक
लेखनिक – दुसरा सांगेल ते लिहून देणारा

स्वाध्याय

1. लुईची दृष्टी कशी गेली?
2. हाउई यांच्या पुस्तकांत कोणत्या अडचणी होत्या?
3. बार्बिये यांच्या पद्धतीतील कोणते दोष लुईने दाखवले?
4. ब्रेल लिपी लिहिण्याची आणि वाचण्याची दिशा वेगवेगळी का असते?
5. लेखकाचा हक्क आणि अंध वाचकाचा हक्क, हे दोन्ही 2012 च्या कायद्याने कसे सांभाळले? पाच-सहा वाक्यांत लिहा.
6. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : धीर सोडणे, टक लावून पाहणे, आवाज उठवणे.
7. तुमच्या पाठ्यपुस्तकातील एक मराठी आणि एक उर्दू पाठ मोठ्याने, सावकाश आणि स्पष्ट वाचण्याचा सराव करा. ऐकणाऱ्याने डोळे मिटून ऐकावे आणि कोणता शब्द कळला नाही ते सांगावे.